चिखलाचा सीन

आधी माफी मागतो. लेख वगैरे लिहिणं माझं काम नाही. आमच्या घरात माझ्याआधी कोणी कॉलेजात गेलेलं नाही. बाबांना सही येते, मायला तीही येत नाही. परीक्षेचा पेपर सोडला तर मी सलग चार पानं कधी लिहिलेली नाहीत, आणि पेपरातही सर म्हणतात की तू फार अडखळतोस. तरी लिहायला बसलो आहे, कारण आमच्या कॉलेजच्या वार्षिक अंकात यंदा एका सीनियर विद्यार्थ्याने एका जुन्या सिनेमावर लेख लिहिला, आणि तो वाचल्यापासून माझं डोकं ठिकाणावर नाही.

सिनेमाचं नाव मी घेणार नाही. भंडाऱ्याच्या माणसाला ते सांगायची गरजही नाही. मॉर्निंग शोला लागतो तोच. वर्षातून एकदा, कधी दोनदा. थोड्या पैशांत उरकलेला, रंग उडालेला, मध्येच आवाज जाणारा. लेखात असं म्हटलं होतं की या सिनेमाला ना कथा आहे, ना मोठा नट, तरी इतकी वर्षं तो गर्दी खेचतो, म्हणजे त्यात काहीतरी टिकाऊ असलंच पाहिजे. आणि ते टिकाऊ म्हणजे चिखलाचा सीन. त्या सीनमध्ये जी मुलगी हसते, तिच्या हसण्यावर त्या विद्यार्थ्याने अर्धं पान खर्च केलं आहे. ती कोण होती, आज कुठे असेल, असंही त्याने शेवटी विचारलं आहे.

ती कोण ते मी सांगू शकतो. ती माझी मोठी बहीण आहे. आम्ही तिला बाई म्हणतो. आज ती आमच्या घरी आहे, आणि तिने तिच्या सासरी असायला हवं होतं.

आमचं गाव आंबागडच्या बाजूला, किल्ल्याच्या टेकडीखाली. सत्तरच्या दशकात, मी शाळेत असताना, एका रोवण्याच्या, म्हणजे धान लावणीच्या, हंगामात तिथे सिनेमावाले आले होते. जीप, एक मेटाडोर आणि नागपूरच्या बाजूची काही माणसं. किल्ल्याच्या राजाचा पिक्चर काढतो आहोत, असं त्यांनी गावात सांगितलं. आम्हाला ते खरं वाटलं. किल्ल्यावर येऊन दुसरं कोण कशाचा पिक्चर काढणार?

त्या दिवशी आमच्या बांधीत, म्हणजे धानाच्या शेतात, रोवण्याचा शेवटचा दिवस होता. मी शाळेत होतो, पण ही गोष्ट आमच्या घरी नंतर इतक्या वेळा सांगितली गेली, आणि इतकी हसून सांगितली गेली, की मला ती पाहिल्यासारखीच आठवते.

रोवणा ज्यांनी पाहिला नसेल त्यांच्यासाठी लिहितो. बांधीत गुडघाभर चिखल असतो. बाया लुगडी वर खोचतात, कारण खाली सोडली तर चिखलाने भिजून ती उचलत नाहीत. मग ओणव्या होऊन, धानाचं एकेक रोप, म्हणजे पऱ्हं, रोवत, मागे मागे सरकतात. सकाळपासून उन्हं उतरेपर्यंत. धुऱ्यावरून, म्हणजे शेताच्या बांधावरून, माणसं जातात, नांगरवाला जातो, मास्तर सायकल हातात धरून जातो. कोणी पाहत नाही. पाहू नये असं कोणी शिकवलेलं नाही. पाहण्यासारखं त्यात काही आहे असं मुळात कोणाला वाटतच नाही.

आणि शेवटच्या दिवशी बोजारा असतो. रोवणा संपला की बाया बांधीच्या मालकाला धरतात, त्याला चिखल माखतात आणि खाऊ घालायला लावतात. मालक पळतो, पण फार लांब पळत नाही. ज्याला बायांनी चिखल लावला नाही, त्याला आपलं काही चुकलं की काय असं वाटतं. तो मान असतो.

त्या दिवशी सिनेमावाला साहेब पांढरे बूट घालून आमच्या धुऱ्यावर येऊन उभा राहिला. सोबत कॅमेरावाला. माझी चुलती बायांची म्होरकी होती. तिने त्याच्याकडे पाहिलं आणि बायांना म्हणाली, "हा कोण वो? धुऱ्यावर उभा हाये म्हंजे मालकच झाला ना आज!"

मग साहेबाला म्हणाली, "काहून जी साहेब, आमचा रोवणा फुकट पाहून राहिले का? बोजारा ठेवा!"

साहेबाला काही कळलं नाही. तो हसला. हसला म्हणजे कबूल झाला, असं बायांनी धरलं. दोघींनी हात धरून त्याला बांधीत ओढला आणि चुलतीने त्याच्या काळ्या चष्म्यावरच चिखल थापला. तो मागच्या मागे चिखलात बसला आणि त्याचा एक बूट आतच राहिला. बूट शोधायला तो दोन्ही हातांनी चाचपू लागला तेव्हा चुलती म्हणाली, "हात घालाच जी साहेब, एखादी मासोळी भेटंल!" बाई पऱ्ह्यांची पेंडी धरून समोरच उभी होती. ती तोंड उघडून हसली. आमची बाई हसते तेव्हा तोंडावर हात घेत नाही. मायने कितीदा सांगूनही तिला ते जमलं नाही.

कॅमेरावाल्याने कॅमेरा थांबवला नव्हता. साहेबही मग खूश झाला. दुसऱ्या दिवशी हीरोला घेऊन आला, पुन्हा तसंच करा म्हणाला, आणि बायांनी हीरोलाही माखला. जीपमधून बिस्किटं काढून वाटली, चहा दिला. बाया घरी येऊन म्हणाल्या, चांगला माणूस आहे, बोजारा ठेवला त्याने. पुढे कितीतरी दिवस चुलती कोणी तुमसरला जाऊन आलं की विचारायची, "आपला राजाचा पिच्चर लागला का गा?"

बाईचं लग्न त्यानंतर झालं. कारध्याला दिली. भाऊजींच्या घरी धानाची शेती आणि उन्हाळ्यात नदीच्या रेतीत टरबुजाची वाडी. भाऊजी बोलायला कमी, पण माणूस वाईट वाटला नव्हता. पहिल्या उन्हाळ्यात बाई माहेरी आली तेव्हा त्यांनी स्वतः सायकलच्या कॅरिअरला टरबुजं बांधून आणली होती आणि त्यातलं एक वाटेत फुटलं म्हणून चेहरा पाडून उभे होते. बाई त्यांना म्हणाली, "मग खाऊन नाही टाकायचं का वाटेत? इथवर फुटकं कायले आणलं?" ते हसले होते. ते हसणं मला आठवतं आणि आता त्याचाही राग येतो.

दोनेक वर्षं बरी गेली. मग तो सिनेमा भंडाऱ्याला लागला. कारधा आणि भंडारा यांच्यामध्ये फक्त पूल आहे. भाऊजींच्या मोठ्या भावाने तो पाहिला, दोस्तांसोबत. चिखलाचा सीन आला आणि बाजूचा दोस्त म्हणाला, अरे, ही तर तुझ्या घरची. टॉकीजमध्ये शिट्ट्या चालू होत्या. आठवड्याच्या आत बाईला तिच्या पेटीसकट आमच्याकडे आणून सोडलं. चार दिवस राहू द्या, म्हणाले.

चार दिवस झाले, महिना झाला. बाबा गावच्या एका म्हाताऱ्या माणसाला सोबत घेऊन कारध्याला गेले. मीही गेलो. ओसरीवर बैठक बसली. बाबांनी हात जोडून विचारलं, "माह्या पोरीची चूक काय झाली, तेवढी सांगा."

भाऊजींचा मोठा भाऊ म्हणाला, "चूक म्हंजे? साऱ्या भंडाऱ्यासमोर हासली ना ते."

"रोवण्यात हासली जी. बोजारा होता."

"ते तुमाले मायीत, आमाले मायीत. टॉकीजमंधी बसलेल्याले मायीत हाये का?"

सोबतचे म्हातारेबुवा म्हणाले, "टॉकीजमंधी तुमीच तर बसले होते ना, बापा!"

कोणी हसलं नाही. मोठा भाऊ उठून आत गेला. भाऊजी इतका वेळ जमिनीकडे पाहत बसले होते. ते पहिल्यांदा बोलले. "मले काही नाई तिच्याबद्दल. पण बाजारात गेलं का लोकं हासून दाखवतेत. लोकं इसरले का नेतो मी तिले."

बाबांनी तो शब्द धरून ठेवला. लोक विसरले की नेतो. बाईनेही धरून ठेवला. मी अकरावीसाठी भंडाऱ्याला हॉस्टेलवर आलो आणि मीसुद्धा तेवढंच धरून बसलो. लोकांनी विसरायला हवं असेल तर तो सिनेमा बंद व्हायला हवा. माझं गणित इतकं साधं होतं.

बंद करायचं तर त्यात काय आहे ते पाहायला हवं, म्हणून मी पाहिला. शहरातला एक माणूस किल्ल्यावर खजिना शोधायला येतो. तो खजिना शोधत नाही. एक नटी आंघोळ करते, ती मुंबईची असावी, आणि तिची आंघोळ सुरू होते न होते तोच पडदा फटकन दुसऱ्या ठिकाणी जातो. तसं चार-पाचदा होतं. मग चिखल येतो. सीनवर कोणीतरी ढोलकी आणि एका बाईचे उसासे जोडले आहेत. कॅमेरा पायांवरून हलत नाही. माझ्या चुलतीचे पाय, शेजारणीचे पाय, बाईचे पाय. हीरो शर्ट उघडा टाकून चिखलात पडतो, आणि मग बाईचा चेहरा पूर्ण पडद्यावर. ती हसते. साहेबाच्या बुटाला हसली होती, इथे ती हीरोच्या उघड्या छातीला हसते. ते हसणं त्यांनी तीनदा जोडून लावलं आहे. माझ्या मागच्या रांगेतला माणूस दर वेळी "हाय!" म्हणत होता. त्याच्या पायांना चिखल होता. तो शेतावरूनच आला होता.

शो संपल्यावर मी मॅनेजरला भेटलो. त्यांच्या टेबलावर पानाचा डबा होता. मी कोण ते सांगितलं नाही. एवढंच म्हणालो, की तेवढा सीन काढून टाका, गावच्या गरीब बाया आहेत त्या.

त्यांनी मला बसवलं. माणूस हसतमुख होता. म्हणाले, "अरे बाबू, काढू काय? उरलं काय हाये त्यात? आंघोळीचे सीन पोलिसाने काढायले लावले. जे राहिले होते ते गावोगावच्या ऑपरेटर लोकांनी कापून खिशात घातले. आता चिखल तेवढाच पिक्चर हाये."

"पण त्यात तर काहीच नाही," मी म्हणालो.

"मंग? काहीच नाई म्हणून तर कोणी कापत नाई!"

मी विचारलं, मग लोक येतात कशाला? त्यांनी पान तोंडात ठेवलं आणि जरा विचार करून सांगितलं, "हे पाह्य. मुंबईवाली पैसे घेऊन लाजते. पब्लिकले समजते ते. आन ही पोट्टी सच्ची हसते. प्रत्येकाले वाटते, माह्याकडे पाहून हासली. अशी हिरोइन पैसे देऊन भेटत नाई."

मला त्यांचा डबा उचलून भिंतीवर फेकावासा वाटला. फेकला नाही. त्यांना नमस्कार करून बाहेर आलो, आणि तो नमस्कार कशाला केला याचाच दिवसभर राग आला.

पोलीस चौकीतही गेलो. हवालदारांनी अर्ज वगैरे काही घेतला नाही, पण ऐकून घेतलं. म्हणाले, "रोवणा करून राहिल्या बाया. त्याच्यात अश्लील काय हाये गा? माही माय रोवणा करते." मला बरं वाटलं, इथे कोणीतरी आपल्यासारखं बोलणारं आहे. मग त्यांनी विचारलं, "कोणता सीन म्हणतो तू? ते हासते तो?" आणि बाजूच्या शिपायाकडे पाहून डोळा मिचकावला.

हेच मला त्या सीनियर विद्यार्थ्याला सांगायचं आहे. कायद्याला त्या सीनमध्ये काही सापडलं नाही. मॅनेजरला सापडलं नाही. ते काम करताना आमच्या बायांनाही सापडलं नव्हतं. मग ते जे काय आहे ते येतं कुठून? तिकीट काढून अंधारात बसणारा माणूस ते आपल्या घरून घेऊन येतो, आणि जाताना आमच्या बाईच्या अंगावर टाकून जातो. अंकात तू ज्याला टिकाऊ म्हणतोस ते हे आहे. माझं बोलणं जड झालं असेल तर क्षमा कर. पण मी शांतपणे लिहायचा तीनदा प्रयत्न केला आणि तिन्ही पानं फाडली.

हा सिनेमा लागला की हॉस्टेलमधली मुलं जथ्याने जात. परत आली की जिन्यात ते हसणं काढून दाखवत. एक वर्ध्याचा मुलगा हुबेहूब काढायचा. तो माझा चांगला मित्र होता, माझ्या इंग्रजीच्या चुका दुरुस्त करायचा. एकदा तो म्हणाला, "तू काहून येत नाही बे? तुझ्याच गावाकडचा पिक्चर आहे. पाहिली असशील ना तू तिले?" मी म्हणालो, "हो, पाहिली आहे." सगळे ओरडले. मी उठून मेसमध्ये जाऊन बसलो. त्यानंतर त्याच्याशी बोलणं मी बंद केलं, आणि का ते त्याला आजही माहीत नाही.

गावातही काही पूर्वीसारखं राहिलं नाही. आमच्या बांधीत आता बोजाऱ्याला चिखल लावत नाहीत. चुलतीने ते बंद केलं. रोवण्याच्या दिवसांत धुऱ्यावर कोणी परका उभा दिसला की बाया एकदम सरळ होतात आणि लुगडी खाली सोडतात. ओली लुगडी पायांत अडकतात, एखादी पडते. रोवणा लांबतो. धुऱ्यावर आता पोट्टे थांबतातही. आधी थांबत नव्हते.

बाई मात्र लुगडं खाली सोडत नाही. तिला रोवण्याला न्यायला कोणी फारसं राजी नसतं, ती आली की पोट्टे जमतात म्हणून. ती आमच्याच बांधीत राबते. मागच्या दिवाळीला मी घरी गेलो होतो. ती आंगणात धान पाखडत होती. एकदम म्हणाली, "तू पाहाले गेलता ना तो पिच्चर? माय म्हणे."

मी हो म्हणालो.

"मंग सांग ना. मी तं पाहिलाच नाही."

मी खाली मान घालून सांगितलं. जेवढं सांगता आलं तेवढं. ती सूप हातात धरून ऐकत होती.

"मी पेंडी धरून उभी हावो?"

"हो."

"आन हासून राहिली?"

"हो."

"आन काकीनं चष्म्याले चिखल लावला, तो?"

"तो नाही. साहेब नाहीच त्यात. हीरो आहे."

"बूट?"

"बूटही नाही."

तिने सूप खाली ठेवलं. मग म्हणाली, "बूटच नाही तं लोकं पायतेत काय रे?"

ती पुन्हा पाखडायला लागली. थोड्या वेळाने तिने विचारलं, कारध्याला यंदा वाडी लावली का त्यांनी, रेतीत पाणी कुठवर आहे, तू पुलावरून जातो तं दिसत असंल ना. मी म्हणालो, पाहून सांगतो. ती म्हणाली, "आता तं लोकं इसरले असतील. लय दिवस झाले."

मी म्हणालो, "हो, विसरले असतील." आता गावोगाव व्हिडिओ आला आहे, मंडईच्या, म्हणजे जत्रेच्या, दिवसांत तंबूत रोज नवा पिक्चर दाखवतात, जुना कोण पाहील, असंही मी तिला सांगितलं. मी ते तिला बरं वाटावं म्हणून बोललो नाही. मला खरंच तसं वाटत होतं. त्या वर्षी तोवर टॉकीजला तो सिनेमा आला नव्हता. मी मनात ठरवलं होतं की परीक्षा झाली की एकटा कारध्याला जायचं, भाऊजींना भेटायचं आणि त्यांच्याच शब्दाने त्यांना बांधायचं. लोक विसरले, आता चला न्यायला.

मग तो सिनेमा पुन्हा लागला, आणि वार्षिक अंकात तो लेख आला.

आमच्या मेसला दूध घालतो तो गडी कारध्याचा आहे. भाऊजींच्या घराच्या दोन घरं पलीकडे राहतो. आमचं नातं त्याला माहीत आहे, पण तो कधी त्या विषयावर बोलत नाही; माणूस सभ्य आहे. परवा सकाळी तो कॅन उतरवत होता तेव्हा मीच विषय काढला. म्हणालो, "तुमच्या गावात अजून बोलतात का हो, आमच्या बाईबद्दल?"

तो म्हणाला, "नाई जी. आता कोण बोलते? किती सालं झाले. नव्या पोट्ट्यांले तं मायीतबी नाई, ते कोणाची कोण हाये म्हणून."

मी म्हणालो, "मग भाऊजींना कोणी सांगत का नाही? लोक विसरले की नेतो म्हणाले होते ते."

तो कॅनचं झाकण हातात घेऊन माझ्याकडे पाहत राहिला. सांगावं की नाही असं त्याचं चाललं होतं.

"तुमाले कोणी सांगतलं नाई का?" तो म्हणाला. "तुमचे भाऊजी दर खेपेले येतेत ना जी पिक्चरले. मी दूध घेऊन येतो तं ते पुलावर भेटतेत, इकडं येताना. एकलेच येतेत. गेटवाला सांगे, चिखलाचं झालं का उठून चालले जातेत, पुढचं पाहत नाई. कालबी आले होते. आजबी भेटले मले, आत्ता, पुलावर."